स्वस्त कॅमेऱ्याचा करारनामा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी गिरण्यांचा, निदानपक्षी संपांचा इतिहास सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘हौशी माणसाचा कॅमेरा’ असे सांगितले, तेव्हा चिटणीसांनी मला तो विषय दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला, मागावर उभा राहिलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला माणूस आहे, छायाचित्रकार नव्हे. तथापि हा विषय माझ्याकडे चालत आला, आणि तो कसा आला हे आधी सांगणे बरे.

बोनसच्या वाटाघाटी चालू होत्या. एके दिवशी संध्याकाळी आमच्या एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा कचेरीत आला. बारावी झालेला, लग्नसराईत एका फोटोग्राफरच्या हाताखाली दिवे धरणारा. त्याने तीन कॅमेऱ्यांच्या माहितीचे कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, “आण्णा, ह्यातला कंचा घेऊ सांगा. हप्ता बाबांच्या मजुरीतनं जाणार हाय.” दुकानदाराने त्याला तिन्ही चांगले म्हणून सांगितले होते. मेगापिक्सेलचे आकडे तिन्हींवर सारखेच होते, किमती मात्र निरनिराळ्या. हे असे का, याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आठ दिवसांनी ये म्हटले आणि वाचावयास बसलो. ते आठ दिवसांचे वाचन अजून संपलेले नाही.

करारनाम्याची कलमे वाचण्यात माझी तीस वर्षे गेली. पगारवाढीचा आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो. कामाचे माग वाढवले, रजा कमी केल्या, हे आत कुठेतरी बारीक अक्षरांत असते. कॅमेऱ्याचा इतिहास वाचताना मला तीच ओळखीची रीत दिसली. ज्या ज्या वेळी कॅमेरा स्वस्त झाला, त्या त्या वेळी त्यातून काहीतरी काढून घेतलेले होते. कधी ते निरुपयोगी होते, तर कधी नेमके तेच आपल्याला हवे होते. पहिला कॅमेरा घेणाऱ्याने आत काय घातले आहे याहून काय काढले आहे हे पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. बाकीचा सगळा त्याचा इतिहास.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामांकित छायाचित्रकार. त्या काळी काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ती वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायची, असा सगळा व्याप होता. साहजिकच हौशी म्हणजे ज्यापाशी फुरसत आणि पैसा दोन्ही आहेत असा माणूस, असाच अर्थ होता.

हा अर्थ ज्याने बदलला तो जॉर्ज ईस्टमन अमेरिकेत रॉचेस्टर येथे एका बँकेत कारकून होता. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती. १८८८ साली त्याने ‘कोडॅक’ नावाची एक पेटी बाजारात आणली. किंमत पंचवीस डॉलर. आत शंभर चित्रांची फिल्म भरलेली. शंभर चित्रे झाली की गिऱ्हाइकाने पेटी न उघडता ती तशीच रॉचेस्टरला पाठवायची. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रे छापून देई आणि नवी फिल्म भरून पेटी परत करी. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबायचे. पुढे १९०० साली ‘ब्राउनी’ आली ती अवघ्या एका डॉलरला. पुठ्ठ्याची पेटी, साधे भिंग. पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक खपली.

यात गेले काय? अंतर जुळवणे गेले, उजेड मोजणे गेले, धुणे-छापणे गेले. कसब होते ते कारखान्याने आपल्याकडे घेतले आणि माणसाच्या हाती बटण ठेवले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली, म्हणजे ब्राउनीनंतर चारच वर्षांनी. हातमागवाल्याचे कसब कोठे गेले हे त्या गावात सांगावे लागत नाही. परंतु मी या बाबतीत एकांगी बोलणार नाही. ब्राउनी नसती तर कोट्यवधी साध्या घरांत आजीचा, बाळाचा, अंगणातल्या गाईचा फोटो कधी निघालाच नसता. तो सौदा लोकांनी केला आणि माझ्या मते तो वाईट नव्हता. ईस्टमनने १९१२ पासून आपल्या कामगारांना नफ्यातून वाटा दिला, आणि त्याच वाटणीच्या बळावर युनियनला दाराबाहेर ठेवले, हे मात्र जाता जाता नोंदवून ठेवतो.

कसब हाती ठेवणारी माणसेही त्याच काळात होती. लुईस हाइन नावाच्या एका शाळामास्तराने १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. त्याच्यापाशी काचपट्ट्यांचा एक जड, साधा कॅमेरा आणि उजेडासाठी जळणारी पूड. कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा असे सोंग घेऊन तो फाटकातून आत शिरे. मुलाची उंची त्याने आपल्या कोटाच्या गुंड्यांवर मोजावी आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवावी. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात त्या चित्रांचा फार उपयोग झाला. जर्मनीत १९२६ साली कामगारांनी आपले स्वतःचे छायाचित्र-मासिक काढले. मजुराच्या घराचे चित्र मजुराने काढावे, मालकाच्या वृत्तपत्राने नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ते सगळे मोडून टाकण्यात आले. हौशी कॅमेरा म्हणजे केवळ सहलीचे खेळणे नव्हे, एवढ्यासाठी ही दोन उदाहरणे दिली.

आता आरशाच्या कॅमेऱ्याकडे वळू, कारण त्या मुलाच्या तीन कागदांपैकी दोन त्याचेच होते. ब्राउनीत किंवा आपल्याकडच्या जुन्या क्लिक कॅमेऱ्यात पाहावयाची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे. त्यामुळे डोळ्याला दिसले एक आणि कागदावर उमटले भलतेच, डोके कापलेले, असे होई. सिंगल लेन्स रिफ्लेक्समध्ये भिंगातून आलेला उजेड एका तिरप्या आरशावर पडून वर जातो आणि आपल्या डोळ्याला मिळतो. बटण दाबताच आरसा झटकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, आणि तोच उजेड फिल्मवर पडतो. तो जो ‘खटॅक’ असा आवाज होतो, तो आरशाचा आणि पडद्याचा. जे दिसले तेच उमटणार, ही त्यातली खरी कमाई. ड्रेस्डेनचा ‘किने एक्झाक्टा’ १९३६ साली निघाला. पंचकोनी काचेमुळे चित्र सुलटे दाखवणारा ‘कॉन्टॅक्स एस’ १९४९ साली आला. जपानच्या असाही कंपनीने १९५४ साली आरसा आपसूक खाली येण्याची सोय केली आणि १९५९ साली ‘निकॉन एफ’ आला. हे सगळे उत्तम आणि महाग.

आपल्याकडे मात्र परदेशी कॅमेऱ्यावर निर्बंध आणि जबर जकात. घराघरांत होता तो बडोद्याला तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’. अंतर जुळवण्याची भानगड नाही, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे, आणि पाठीवर ऊन घेऊन उभे राहा हा एकच नियम. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, त्याची ‘इंदू’ फिल्म पुष्कळांना आठवत असेल. तो कारखानाही पुढे आजारी पडला आणि बंद झाला. त्या कामगारांची देणी हा एक वेगळाच विषय होईल.

१९७६ हे वर्ष मला फार बोलके वाटते. त्या एका वर्षात दोन स्वस्त आरशाचे कॅमेरे निघाले. कॅननच्या ‘एई-१’ मध्ये संगणकाची चकती बसवली होती. उजेड मोजून छिद्र किती उघडावयाचे हे ती ठरवी. त्या चकतीमुळे सुमारे तीनशे सुटे भाग कमी झाले आणि जोडणीचे बरेचसे काम यंत्रांकडे गेले. जाहिरात जोरात झाली आणि कॅमेरा लाखांनी खपला. दुसरा ‘पेंटॅक्स के-१०००’. त्यात आपोआप असे काही नाहीच. सुई मधोमध आणून काटे आपणच फिरवावयाचे. सेल संपला तरी बंद पडतो तो फक्त उजेडमापक. कॅमेरा चालूच राहतो. हाही स्वस्त, कारण यातून निर्मात्यांनी सगळी चैन काढून टाकली होती, पण शिकणाऱ्याला लागणारे एकही कलम काढले नव्हते. छायाचित्रणाच्या शाळांनी तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला आणि तो १९९७ पर्यंत निघत राहिला, तीस लाखांहून अधिक नग. एईने कामगाराचा हात कमी केला, के-१००० ने गिऱ्हाइकाची सोय कमी केली. किंमत दोन वाटांनी उतरते, हे या जोडीने मला जितके स्पष्ट शिकवले तितके कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही.

फिल्मचा अंत ज्या घरात सुरू झाला ते घर कोडॅकचेच. १९७५ साली त्यांच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीयरने फिल्मवाचून चालणारा एक कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोवर, चित्रात शंभर गुणिले शंभर एवढेच ठिपके, आणि ते कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद. कारखान्याने ते कौतुकाने पाहिले आणि बाजूला ठेवले. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एका कॅमेऱ्याला अंकीय पाठ लावून तो बाजारात आणला, त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. १९९९ चा ‘निकॉन डी-१’ पाच हजारांच्या आसपास. वृत्तपत्रांना ते परवडले. शाळामास्तराला किंवा मागवाल्याच्या मुलाला नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ‘३०० डी’ आणला तेव्हा हजार डॉलरची भिंत प्रथम पडली. नुसती पेटी आठशे नव्याण्णव डॉलरला. याच वर्षी त्यांचा ‘१० डी’ पंधराशे डॉलरला विकला जात होता आणि दोन्हींत चित्र टिपणारी चकती एकच, त्रेसष्ट लाख ठिपक्यांची. मग सहाशे डॉलर वाचले कशात? काही प्लॅस्टिकच्या अंगात, काही पंचकोनी भरीव काचेऐवजी पोकळ आरशांच्या जोडणीत. परंतु काही सोयी यंत्रात असूनही आतल्या आज्ञावलीने कुलूप लावून ठेवल्या होत्या. थोड्याच काळात काही खटपट्या लोकांनी ते कुलूप उघडले. फ्लॅशचा उजेड कमीजास्त करणे वगैरे गोष्टी त्याच स्वस्त कॅमेऱ्यात चालू लागल्या. हे वाचून मी रात्री एकटाच हसलो. जी सोय द्यावयास मालकाला दमडीही लागत नव्हती, तीच त्याने रोखून धरली होती.

त्यानंतर दरवर्षी नवा नग आणि दरवर्षी नवी छाटणी. २००६ चा ‘निकॉन डी-४०’ हलका, सुबक. पण भिंग फिरवणारी मोटर पेटीतून काढलेली. वडिलांच्या जुन्या निकॉनचे भिंग त्यावर बसे, मात्र अंतर हाताने जुळवावे लागे. मोटर भिंगातच असलेली नवी, महाग भिंगे घेणे आले. निकॉनचा ‘डी-३३००’ २०१४ साली निघाला, त्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचे भोक होते. दोन वर्षांनी ‘डी-३४००’ आला. आकडा मोठा, नवा, आणि ते भोक गायब. चकतीवरची धूळ झटकण्याची सोयही गायब. कॅननच्या ‘१५०० डी’ व ‘२०० डी मार्क दोन’ यांच्या माथ्यावर फ्लॅश बसवावयाची जागा आहे, पण तिच्या मधला धातूचा ठिपका काढून टाकला आहे. हा ठिपका म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या फ्लॅशचा समाईक रस्ता. तो नसला की बाजारातला स्वस्त फ्लॅश वर नुसता बसतो, उडत नाही. ‘३००० डी’ ला भिंग अडकवण्याचे कडेसुद्धा प्लॅस्टिकचे आहे. लग्नाच्या कामाला कॅमेरा घेणाऱ्या पोराला या ठिपक्याची किंमत कळली पाहिजे, कारण पहिल्या मुहूर्तालाच ती त्याला मोजावी लागते.

आता चलच्चित्राकडे येतो, आणि इथे मला माझ्या स्वतःच्या अडाणीपणाची गोष्ट सांगावी लागेल.

आरशाच्या कॅमेऱ्यात चलच्चित्र प्रथम आले ते ऑगस्ट २००८ मध्ये, ‘निकॉन डी-९०’ मध्ये. सर्वांत मोठ्या आकाराचे चित्र घेतले तर एका वेळी फार तर पाच मिनिटे. लगोलग कॅननचा ‘५ डी मार्क दोन’ आला आणि मोठ्या चकतीवर सिनेमासारखे चित्र दिसू लागले. अमेरिकेतल्या ‘हाउस’ या दूरदर्शन मालिकेचा एक संपूर्ण भाग २०१० साली त्याच्यावर घेतला गेला. ‘५५० डी’ सारखे स्वस्त कॅमेरेही त्याच वर्षी पूर्ण आकाराचे चलच्चित्र घेऊ लागले. सगळीकडे गवगवा झाला. आमच्या युनियननेही वर्गणी काढून असा एक कॅमेरा घेतला. कंपनीचे नाव घेत नाही. दोष तिचा नव्हता.

आमच्यात एक म्हातारे सभासद होते. त्यांची हयात परळच्या गिरणीत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत; गावी येऊन सायझिंगमध्ये लागले. त्या संपाच्या आतल्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या आणि त्या त्यांनी कधी कोणाला सांगितल्या नव्हत्या. एका रविवारी त्यांनी बोलावयाचे कबूल केले. कॅमेरा तिपाईवर ठेवला, तांबडा ठिपका लागला आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. ते पाऊण तास बोलले. मला त्यातले बरेच आठवते, पण जसे त्यांनी सांगितले तसे ते मला सांगता येणार नाही.

चार दिवसांनी पाहिले तर चित्र बारा मिनिटांचे. ते आपल्या मुकादमाचे नाव सांगतात, चाळीतल्या खानावळीचे सांगतात, मग संपाच्या आदल्या रात्री त्यांच्या खोलीवर कोण आले होते हे सांगण्यासाठी उजवा हात वर करतात. आणि तिथे संपते. खालून येणाऱ्या मागांच्या खडखडाटात अर्धे शब्द बुडालेले. पुन्हा एकदा बसू म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते मिरजेच्या दवाखान्यात होते. ते घरी परत आले नाहीत.

मी पुस्तिका उघडली ती त्यानंतर. तिच्यात स्पष्ट लिहिले होते : एक फाइल चार गिगाबाइटपर्यंत, म्हणजे सुमारे बारा मिनिटे, पुढे बटण पुन्हा दाबावे. साठवणुकीच्या कार्डाची मांडणीच अशी की त्याहून मोठी फाइल त्यात मावत नाही. दुसऱ्याच्या करारातले अर्धे वाक्य न सोडणारा मी, आणि स्वतः घेतलेल्या वस्तूची पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढली नव्हती. पुढच्या कॅमेऱ्यांत कंपन्यांनी आपोआप दुसरी फाइल सुरू करण्याची सोय केली, परंतु एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंदांना तेही थांबत. याचे कारण यंत्रात नव्हते. सलग तीस मिनिटे चित्रण करणारे यंत्र युरोपच्या जकात कायद्यात ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरे आणि त्यावर जास्त जकात बसे. ती चुकवावी म्हणून एक सेकंद आधी थांबवायचे. ब्रुसेल्समधल्या जकातीच्या एका ओळीने आपल्या गावातल्या म्हातारीचे बोलणे तुटावे, असा हा व्यवहार.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी समजली. चलच्चित्र घेताना आरसा सतत वर उचललेला राहतो, म्हणून डोळा लावावयाच्या खिडकीत काळोख होतो आणि मागच्या पडद्यावर पाहावे लागते. म्हणजे ज्या आरशाच्या नावाने हा कॅमेरा ओळखला जातो, तो आरसाच तेव्हा कामाचा राहत नाही. अंतर जुळवण्याची त्याची वेगवान यंत्रणाही आरशाच्या खाली असल्यामुळे निकामी होते. २०१३ साली कॅननच्या ‘७० डी’ ने मुख्य चकतीवरूनच झपाट्याने अंतर जुळवून दाखवले, आणि त्यानंतर आरसा हवाच कशाला असा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. २०२० साली बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची पाठवणी आरशाच्या कॅमेऱ्यांहून जास्त झाली. निकॉनचा शेवटचा स्वस्त आरशाचा नग, ‘डी-३५००’, २०१८ सालचा; तोही पुढे बंद झाला. दरम्यान खालची जागा मोबाइलने घेतली होती. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून सुमारे बारा कोटी कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२० साली तो आकडा एक कोटीच्याही आत आला. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळे काढले.

त्याच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, थायलंडात अयुथ्याच्या औद्योगिक वसाहतीत पुराचे पाणी शिरले आणि निकॉनचा कारखाना बुडाला. स्वस्त निकॉन बहुतांशी तिथलेच. त्या महिन्यांत दुकानांतून ‘माल नाही’ असे ऐकू येई. जपानी नाव कोरलेली पेटी थायलंडातल्या कामगारांच्या हातची असते, ही गोष्ट गिऱ्हाइकाला तेव्हा प्रथम कळली असावी.

तर तो मुलगा आठ दिवसांनी आला. मी त्याला आधी विचारले, मोबाइल का नको? अंगणात, उन्हात, घरच्यांचे फोटो काढावयाचे असतील तर मोबाइल पुरे आहे आणि त्यासाठी हप्ता डोक्यावर घेणे हा वेडेपणा आहे. तो म्हणाला, मंगल कार्यालयात रात्री, आणि मागाच्या शेडमध्ये. मग प्रश्न वेगळा. कॅमेऱ्यातली चकती मोबाइलमधल्या चकतीपेक्षा कितीतरी पट मोठी, त्यामुळे कमी उजेडात चित्र सांभाळते. पण नव्या कॅमेऱ्याबरोबर जे १८-५५ चे भिंग येते त्याचे छिद्र लांबच्या टोकाला फार उघडत नाही. त्याऐवजी ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे साधे भिंग घेतले तर त्याच्या सुमारे दहापट उजेड आत येतो, आणि ते नव्या भिंगांत सर्वांत स्वस्तांपैकी एक आहे. त्याची अडचण अशी की दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकावयास जागा राहत नाही. दोन माणसे मावली तर मावली. तेव्हा दोन्ही भिंगे लागतात. पैसा भिंगावर घालावा, पेटीवर कमी. पेटी पाच वर्षांत जुनी होते, भिंग होत नाही.

त्याच्या कागदांतला एक कॅमेरा नवा आरशाचा होता. त्याला मायक्रोफोनचे भोक नव्हते आणि माथ्यावरचा तो ठिपकाही नव्हता. दुसरा बिनआरशाचा, चांगला, पण त्याची स्वस्त भिंगे मोजकी आणि हप्ता दीडपट. छाटणीची रीत तिथेही चालूच आहे. कॅननचा २०२३ चा ‘आर १००’ पाहा, त्याचा मागचा पडदा वळत नाही आणि बोटालाही दाद देत नाही. तिसरा कागद एका फोटोग्राफरने विकावयास काढलेल्या जुन्या कॅननचा होता, ‘७०० डी’, २०१३ सालचा. बिनआरशाचा घेण्यासाठी धंदेवाले आपले जुने नग मोडीच्या भावाने काढीत आहेत, आणि या घटकेला गरजू माणसाच्या फायद्याची बाजू असलीच तर ती हीच आहे. भोक आहे, ठिपका आहे, पडदा वळतो.

जुना कॅमेरा घेताना पडदा किती वेळा उडाला हे पाहावे. या वर्गातल्या कॅमेऱ्याचा पडदा साधारण लाखभर वेळा टिकेल असा हिशेब धरतात. निकॉनच्या चित्राच्या फाइलीतच तो आकडा लिहिलेला असतो, कॅननसाठी वेगळी खटपट करावी लागते. एक पांढरी भिंत बारीक छिद्राने टिपून डाग दिसतात का पाहावे. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का पाहावे. आपल्या पावसाळ्यात ती हटकून लागते. ज्या आज्ञावल्या कुलूप उघडतात त्यांच्या नादी पहिल्याच महिन्यात लागू नये. ‘मॅजिक लँटर्न’ नावाची एक अशीच, लोकांनी मिळून केलेली आज्ञावली २००९ पासून कॅननवर चालते. आवाजाची पातळी दाखविण्यासारख्या ज्या सोयी कंपनीने दिल्या नाहीत त्या ती देते. मला तिचे फार कौतुक आहे, पण बिघडले तर हप्ता चुकत नाही.

त्याने तो जुना कॅमेरा घेतला. पेटी, दोन भिंगे, दोन बॅटऱ्या, आणि उरलेल्या पैशांत गळपट्टीला लावावयाचा एक मायक्रोफोन. लग्नाची कामे त्याला आता थोडीथोडी मिळतात. रविवारी तो आमच्याकडे येतो. गेल्या महिन्यात त्याने त्याच्या आजीला बोलते केले. चाळीस वर्षे कांड्या भरल्या त्या बाईने. आजी एक तास चाळीस मिनिटे बोलली, चित्रणाचे चार तुकडे झाले. मोबाइलवर त्याने घड्याळ लावलेले असते. अठ्ठावीस मिनिटे झाली की तो हात वर करतो, आजी थांबते, तांब्यातले पाणी पिते, आणि तो बटण पुन्हा दाबतो.